आभाराची बाटली

बोन्सू मामा माझे आभार मानायला आले, तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस माझी खोली गिळायला आलाय.

खोली म्हणजे नुसती खोली नव्हे. घानातल्या कुमासी शहराच्या बांतामा वस्तीत, आमच्या आईकडच्या घरामागे पडक्या चुलीची जागा होती, तिथे मी बांधलेली. न्हाणी आत, संडास आत, ओटा आत, नळ आत, आणि दार थेट गल्लीत. कुमासीत अशा खोलीला भाडेकरू शोधावा लागत नाही, भाडेकरूच दार वाजवत येतात. घरातली बाकीची सगळी माणसं एकाच संडासापुढे रांग लावतात, त्यामुळे माझ्या संडासावरून अनेकांच्या पोटात दुखू लागलं होतं. शाळेतल्या एक बाई सोमवारी सामान घेऊन येणार होत्या.

नवऱ्याचं घर सोडून मी आईच्या घरी परत आले, तेव्हापासून तेलासाठी, औषधासाठी मामांच्या दारात उभी राहिलेय. मामा आधी जांभई द्यायचे, मग उपदेश, आणि शेवटी जमलं तर तेल. खाणावळीत फुफूसाठी उकडलेले कंद कुटून कुटून माझे खांदे गेले, पण भिंती उभ्या राहिल्या. आता मला कुणाच्याही दारात उभं राहायचं नव्हतं. बस्स, एवढंच.

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. मामा घराण्याचे प्रमुख, म्हणून स्वतः बोलणार नाहीत. त्यांच्या वतीने म्हातारे अजेमान उठले, हातात श्नॅप्स दारूची कोरी बाटली.

"सेर्वा," ते म्हणाले, "प्रमुख म्हणतात, पोरीनं घराण्याला एवढी चांगली खोली बांधून दिली. त्याचे हे आभार. घे, एक घोट घे, मग आम्हीही घेतो."

सगळे खूश होऊन माझ्याकडे बघत होते. आमच्यात आभाराची बाटली घेतली आणि चारचौघांनी त्यातलं प्यायलं, की दान पक्कं झालं. मग कागद नको, कोर्ट नको. आणि वडीलधाऱ्यांनी पुढे केलेला पेला बाईमाणसानं परत केल्याचं मी तरी आजवर पाहिलं नव्हतं. मामांचा सगळा डाव माझ्या भिडेवर उभा होता.

मी हात मागे बांधले.

"अजेमानबाबा, प्रमुखांना विचारा, मी कुणाला काय दिलं?"

"अगं, खोली!"

"मी दिली नाही. न दिलेल्या वस्तूचे आभार मी कशाला पिऊ?"

खुर्च्या करकरल्या. मामांना अजेमानबाबांचा विसर पडला. "जमीन घराण्याची आहे, पोरी! घराण्याच्या आवारात बांधलं ते घराण्याचं!"

"हो ना. मी मेल्यावर घ्या, रीतच आहे तशी. पण जिवंत आहे तोवर किल्ली माझी आणि भाडंही माझं. हीसुद्धा रीतच आहे मामा, तुम्ही अर्धीच सांगताय."

"जीभ फार चालतेय! तू मेलीस ना, तर या घरातलं एक माणूस तुझ्यासाठी सुतकाचं काळं नेसणार नाही!"

याहून वाईट शाप आमच्याकडे नाही.

"नका नेसू. धुण्याचा साबण वाचेल."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. मामा उठले, जाता जाता बाटली माझ्या नव्या उंबऱ्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "राहू दे इथेच. डोकं थंड झालं की पी." बाटली तिथे राहिली असती, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला मी ती घेतली असंच सांगितलं गेलं असतं.

मी खाणावळीतलं घमेलं आणलं, बाटली त्यात ठेवली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि भर उन्हात बाजारातूनच निघाले. रताळेवालीनं विचारलं, टोमॅटोवालीनं विचारलं, शिंप्यानं यंत्र थांबवून विचारलं. सगळ्यांना एकच सांगितलं, "मामांची बाटली. मी घेतलेली नाही, परत द्यायला चाललेय." शिंप्यानं तर मोठ्यानं सांगायला लावलं, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला नीट ऐकू गेलं नव्हतं.

मामा वाटेत कुठेतरी थांबले असावेत, अजून घरी पोचले नव्हते. फोसुआ मामींनी दार उघडलं. आमच्यात घराणं आईकडून चालतं, म्हणून लग्न होऊनही त्या आमच्या घराण्यातल्या नाहीत, त्यामुळे आभार मानायला त्यांना कुणी नेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. आता मामी तोंडसुख घेणार, म्हणून मी तयार उभी होते.

मामींनी बाटली घेऊन पायरीवर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "तुझे मामा डोळे मिटतील ना, त्या आठवड्यात तुमचं घराणं माझी भांडी या पायरीवर आणून ठेवेल. तूही असशील त्यात."

दुसरे मामा वारले तेव्हा मामींच्या जावेची भांडी बाहेर काढायला मीही गेले होते.

"माझ्या आईच्या घरामागे जागा आहे," मामी म्हणाल्या. "तुझा गवंडी कुठे राहतो?"

"उद्या पाठवते."

"उद्या नको. हे यायच्या आत जाऊ," म्हणत मामींनी पायात चपला सरकवल्या.