पुड्यातल्या समुद्राला तांब्याभर पाणी

माझ्या पोटात समुद्र आहे. हसू नका. मी दोन हात लांबीची काचेची टाकी. प्रकाशा गावात, तापीकाठी, पाटलांच्या बैठकीत टीव्हीच्या शेजारी बसते. माझ्यात वाळू आहे, दगड आहेत, दगडांवर जिवंत प्रवाळ आहे, भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन मासोळ्या आहेत आणि पाणी खरोखरीचं खारं आहे. तापी आमच्या गावावरून समुद्राकडेच निघालेली असते, बॅरेजला अडत-थांबत कधीतरी सुरतेपलीकडे पोचते. मला एवढी पायपीट पडली नाही. माझा समुद्र घरपोच आला.

जन्म माझा शहाद्याचा. सलाउद्दीनभाईंच्या दुकानात खिडक्यांची तावदानं बसतात, देवांच्या तसबिरी मढवल्या जातात, मिठाईवाल्यांची शोकेस बनतात. तिथं एक दिवस भूपेंद्र पाटील मोबाइलमध्ये माझं चित्र घेऊन आला. भूपेंद्र केळीचा बागायतदार. मोबाइलवर जे जे दिसतं ते ते आपल्याला जमतं, असा त्याचा ठाम समज आहे.

"काच तो मैं जोड़ दूँगा, भूपेंद्रभाई," सलाउद्दीनभाई म्हणाले, "पर समंदर कहाँ से लाओगे?"

"पुडामा येस," भूपेंद्र म्हणाला.

सलाउद्दीनभाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि पुढं काही विचारलं नाही. पण माझे कोपरे त्यांनी असे जोडले की आजवर एक थेंब गळलेला नाही. वेडं गिऱ्हाईक आहे म्हणून काम वेडंवाकडं करायचं, हे त्यांच्या रक्तात नाही.

पुडा खरंच आला. समुद्राचं खास मीठ असतं. ते फिल्टरच्या पाण्यात कालवायचं, की झाला समुद्र. पाणी खेळवायला भूपेंद्रनं केळीच्या ठिबकच्या उरलेल्या नळ्या जोडल्या. निळा दिवा टांगला. दगड मांडले. आणि मग महिनाभर मला तसंच रिकामं ठेवलं, कारण पाणी मुरायचं असतं. हे गावाला कोण समजावणार? शेजारचे रेवजीकाका रोज चहाला यायचे आणि माझ्यात वाकून बघायचे.

"काय रे भूपेंद्र, दगड पाया का तू?"

दगड पाळलेत म्हटलं की भूपेंद्रच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण शेवटी मुंबईहून थर्माकोलच्या डब्यातून मासोळ्या आल्या, प्रवाळ आलं, आणि रेवजीकाकांची खुर्ची माझ्यासमोर कायमची झाली.

घरात आणखी दोन माणसं. एक कामिनी, भूपेंद्रची बायको. उन्हाळा चढला तशी भूपेंद्रनं माझ्या पाण्यावर वारा घालायला एक पंखा बसवला आणि तो इन्व्हर्टरला जोडला. वीज गेली की घरातले पंखे थांबायचे, माझा चालू राहायचा.

"मासासले पंखा, नि आमले पुठ्ठा!" कामिनी पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणायची. तिचं खोटं नव्हतं. मला ओशाळल्यासारखं व्हायचं, पण मी काही पंखा नाकारला नाही.

दुसरी तापीबाई, भूपेंद्रची आई. सकाळी उठून तुळशीला पाणी, मग भिंतीवरच्या परळात चिमण्यांना पाणी, मग दारातल्या कुत्र्याला पाणी. दारावरून जाणारा वाटसरू पाणी न पिता पुढं गेला तर तिला दिवसभर चुकल्यासारखं वाटतं. अशा बाईच्या घरात मी आले, आणि मासोळ्या आल्या त्याच दिवशी तिनं विचारलं,

"भूपेंद्र, या मासासले पेवाले काय देस तू?"

"माय, त्या पानीमाच ऱ्हातस."

"ते तं खारं शे. आपन खारं खादं तं पानी मांगतस. या तं बठ्ठा दिन खाऱ्यामाच शेत."

भूपेंद्र हसला आणि शेतात गेला. तापीबाई हसली नाही. तो फाटकाबाहेर पडला तशी ती तांब्या घेऊन आली. ती स्वतः पिते त्याच फिल्टरचं गोडं पाणी होतं. तिनं ते कडेनं हलकेच सोडलं, माशांकडे बघत म्हणाली, "प्या बेटा," आणि तांब्या मोरीवर पालथा घातला. पुढं हे रोजचंच झालं.

आता गंमत ऐका. वारा लागला की माझं पाणी उडतं. पाणीच उडतं, मीठ मागं राहतं. म्हणून उतरलेली पातळी गोड्या पाण्यानं भरायची असते. भूपेंद्रला वाटत होतं, समुद्र कमी झाला तर समुद्रच ओतावा. पण त्याला ओतायची वेळ क्वचितच यायची, कारण तांब्यानं आधीच काम केलेलं असायचं. तो आपला खारटपणा मोजायची नळी डोळ्याला लावायचा, आकडा जागच्या जागी बघायचा आणि मोबाइलवरच्या मित्रांना कळवायचा की माझ्या टाकीत पाणी फारसं आटत नाही, पंख्याचा कोन मी असा बसवलाय. काही आठवड्यांनी आकडा हलत नाही म्हणून त्यानं मोजणंही सोडलं. नळी ड्रॉवरमध्ये गेली. मला तोंड असतं तर मी खो-खो हसले असते.

वैशाखात एकदा तो मोटारीची चावी विसरला म्हणून परत आला, आणि तांब्या माझ्यावर कलता असताना दारात उभा राहिला.

"माय! हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"पानी पाजस त्यासले."

"तुले काही समजस का? मारी टाकशी तू त्यासले! आजपासून टाकीले हात नही लावाना!"

आवाज इतका चढला की दारातलं कुत्रं उठून गेलं. तापीबाईनं तांब्या खाली ठेवला.

"मी पानी पाजेल जीव या घरमा एक बी मरना नही," एवढंच ती म्हणाली. दुपारच्या एस.टी.नं ती रनाळ्याला भावाकडे निघून गेली. कामिनीनं फोन केला की ती सगळ्यांची खुशाली विचारायची, भूपेंद्रची सोडून.

मला तिची फार आठवण आली. आणि लवकरच माझ्या अंगावरही ती दिसू लागली. पाणी उतरायचं, भूपेंद्र वरून समुद्र ओतायचा. पुन्हा उतरायचं, पुन्हा समुद्र. माझ्या काठावर मिठाची पांढरी खरपुडी धरली. बोटांसारखं हलणारं प्रवाळ मूठ मिटून बसलं, त्याची एक फांदी पांढरी पडली. दोघी मासोळ्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून धापा टाकू लागल्या. मी सहनही करू शकत नव्हते आणि सांगूही शकत नव्हते. काचेच्या जातीला एवढाच शाप आहे, सगळं आरपार दिसतं आणि बोलता येत नाही.

भूपेंद्रनं उन्हाला दोष दिला. मुंबईच्या दुकानदाराला दिला. दिवा बदलला. खुर्ची ओढून तो माझ्यासमोर बसायचा, आणि मला कळत होतं की तो फक्त माशांसाठी एवढा उतरलेला नाही. आईला बोललो ते एकवेळ चाललं असतं, पण बोलून वर मासोळ्याही मेल्या तर काय तोंड दाखवायचं, हे त्याला खात होतं.

एका दुपारी तो ताट घेऊन माझ्यासमोरच जेवायला बसला. पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं.

"कामिनी, शेवभाजी खारी करी तू."

"मी नही करी. दोनदा गरम करी, आटी गयी. पानी उडी गयं, मीठ तठेच शे. मीठ उडस का कधी?"

"मंग पानी टाकानं ना त्यामा..."

एवढं बोलून भूपेंद्रचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या काठावरच्या पांढऱ्या खरपुडीकडे पाहिलं. उष्ट्या हातानंच ड्रॉवर उघडून नळी काढली, डोळ्याला लावली, तर आकडा भलताच वर चढलेला.

एकदम पाणी ओतून चालत नाही, माशांना झटका बसतो. त्यानं मोरीवरचा तांब्या आणला, दिवसभर थोडं खारं काढत, थोडं गोडं घालत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात मोटरसायकल काढली आणि रनाळ्याला गेला. तिथं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. परतल्यावर दोघं बैठकीत आली तेव्हा तापीबाई माझ्याकडे पाठ करून बसली होती.

भूपेंद्रनं भरलेला तांब्या तिच्यापुढं ठेवला.

"माय, तूच टाक."

"काबर? मी मारस ना त्यासले."

मापाची नळी, मोबाइल, मीठ, सगळं समजावून सांगता आलं असतं. त्यानं त्यातलं काही काढलं नाही.

"तहानेल व्हतात माय त्या. तू बरोबर व्हती."

तापीबाई उठली. माझ्याजवळ येऊन तिनं अर्धा तांब्या हलकेच सोडला. धाकटी मासोळी कोपऱ्यातून बाहेर आली, त्या गोड्या धारेजवळ. तापीबाईनं पदरानं डोळे पुसले, मग मुलाकडे वळली.

"आनि तू? एवढा ऊनमा रनाळापावत उना. पानी पिना का?"

"नही."

उरलेला अर्धा तांब्या तिनं त्याच्या हातात दिला, आणि तो तिथंच उभा राहून घटाघटा प्याला.

आता माझं बरं चाललंय. पांढरी पडलेली फांदी तशीच आहे, ती काही परतली नाही. माझ्या काचेवर भूपेंद्रनं मार्करनं पाण्याची रेघ मारून दिली आहे. तापीबाई त्या रेघेकडे बघत नाही. ती माशांकडे बघून ओतते, आणि पाणी रेघेवरच येतं. कामिनीलाही अखेर इन्व्हर्टरवर एक पंखा मिळाला.

कधी इकडे आलात तर जरूर या. तीन विनंत्या. काचेवर टकटक करू नका, माशांचं कालवण कधी करणार हे विचारू नका, आणि तुमच्या घरात कुणी न विचारता कुणाला पाणी पाजत असेल, तर त्याचा हात धरण्याआधी एकदा मोजून बघा.

परवाच नंदुरबारचा भाग्येश आला होता. त्यालाही हाच नाद आहे. त्यानं आपली नळी काढून माझं पाणी मोजलं, पुन्हा मोजलं आणि थक्क झाला. आटलेलं पाणी आपोआप भरणारं एक यंत्र मिळतं, ते शोधत तो माझ्यामागं वाकून बघू लागला.

"भूपेंद्रभाऊ, ऑटो टॉप-अप कोनतं बसाडं शे? कोठे शे ते?"

"केदारेश्वरना मंदिरमा गयी शे," भूपेंद्र म्हणाला. "बस, येईच आते."