चौदावा रकाना

ज्या बाईला भाऊ नाही, तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं, अशी आपली रीत. जयपूरच्या विद्याधर नगरात राहणारी मधुमती गेली दहा वर्षं ती मुकाट्याने पाळत होती. सूर्य मावळला की गच्चीवर जायचं, पश्चिमेला बारीक कोर शोधायची आणि ती बुडायच्या आत निरांजन ओवाळायचं. शेजारच्या गुप्ताबाई हळहळायच्या, "बेचारी! एक भाई भी नहीं दिया भगवान ने."

दिला होता हो देवाने! चांगला उंचापुरा, हसरा, ताईच्या ताटातली पोळी पळवणारा परीक्षित. साताऱ्याला कॉलेजात शिकवायचा. अकरा वर्षांपूर्वी कुणा संशयिताच्या डायरीत त्याचा फोन नंबर सापडला आणि देशाच्या सुरक्षेच्या कायद्याखाली त्याला उचलून नेलं. सहा वर्षं तुरुंगात काढली. मग कोर्टाने सांगितलं, याच्याविरुद्ध काडीचाही पुरावा नाही. निर्दोष सुटला, त्यालाही पाच वर्षं झाली.

मधुमतीचा नवरा राजन केंद्र सरकारात अधिकारी. अगदी नाकासमोर चालणारा. साहेबाची सही झाल्याशिवाय शिंकायचासुद्धा नाही. अटकेची बातमी आली त्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "तुझ्या भावाचं नाव आजपासून या घरात नको. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे." वर्षभरात जयपूरला बदली झाली. इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे सुंठीवाचून खोकला गेला असं राजनला वाटलं. मधुमतीच्या घशात मात्र भावाचं नाव अडकून राहिलं. एका मावशीने दिलेला त्याचा नंबर तिने फोनमध्ये 'गॅसवाला' म्हणून ठेवला होता. दुपारी घरात कुणी नसलं की ती तो नंबर उघडायची, बघत बसायची आणि बंद करायची.

यंदा दिवाळी सरली. मुलगी भार्गवी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. नागरी स्वातंत्र्य आणि राष्ट्रीय सुरक्षा या विषयावर काम करणाऱ्या शहरातल्याच एका संस्थेत तिला इंटर्नशिप हवी होती. रविवारी सकाळी ती फॉर्म भरायला बसली. शेजारी मधुमती मेथी निवडत होती.

"बाबा, चौदावा रकाना. जवळच्या नातेवाइकांपैकी कुणावर कधी खटला चालला आहे का?"

"नाही, असं लिही," राजन पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"मतलब, मामा आपला कुणी नाही?"

मधुमतीचा हात थांबला.

"भार्गवी, सुरक्षेचं काम करणारी माणसं आहेत ती. असं नाव वाचलं की फॉर्म कचऱ्यात टाकतील!"

"आणि नागरी स्वातंत्र्याचं काय? ते शिकायला जाणार मी, आणि पहिल्याच पानावर झूठ लिहू?"

तिने लिहिलं: 'होय. मामा, परीक्षित. निर्दोष मुक्त.' राजन पेपर आपटून आत निघून गेला. मधुमतीने मातीचे हात पदराला पुसले आणि लेकीच्या अक्षरातलं ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. अकरा वर्षांत या घरात ते पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलं होतं.

आठवड्याने मुलाखतीचं बोलावणं आलं. राजनने दोघींना गाडीतून नेलं. संस्थेचे प्रमुख शेखावतजी पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. मुलाखत संपल्यावर त्यांनी बाहेर बसलेल्या आईवडिलांनाही जयपुरी अगत्याने चहाला आत बोलावलं. पण राजनला चहा कुठला गोड लागायला!

"सर, लडकी नादान है," तो घाईघाईने म्हणाला. "उस आदमी से हमारा कोई संबंध नहीं."

मधुमतीने हातातला कप खाली ठेवला. आजवर हे वाक्य तिने घरात ऐकलं होतं. परक्यासमोर ऐकलं आणि तिला सोसवेना!

"संबंध है," ती म्हणाली. "मेरा सगा भाई है. त्याने काही केलेलं नाही, साहेब. कोर्टानेच सांगितलंय." हिंदीत सुरू केलेलं बोलणं तिच्याही नकळत मराठीत गेलं होतं.

शेखावतजींना मराठी येत नसलं, तरी तिचं म्हणणं नीट कळलं. राजनकडे वळून ते शांतपणे आपल्या हिंदीत म्हणाले, "चौतीस वर्षं मी पोलिसात काढली. खरं सांगणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. जो लपवतो, त्याला कुणीही धमकावू शकतं. तुमच्या मुलीने तो रकाना खरा भरला, म्हणून तर तिला बोलावलं. देशाची सुरक्षा हवीच. पण निर्दोष माणसाला जन्मभर गुन्हेगार ठेवून देश कसा सुरक्षित होणार? अदालत ने छह साल में निर्दोष मानकर बरी कर दिया, राजनजी. आप कब करेंगे?"

परतताना राजन झोटवाड्याच्या गर्दीतून गाडी काढत होता. मग एका रसवंतीपाशी त्याने गाडी बाजूला घेतली.

"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

मधुमतीने 'गॅसवाला' काढून दिला. राजनने क्षणभर त्या नावाकडे पाहिलं. बायकोला आपण काय करायला लावलं, हे त्याला तेव्हा कळलं. मग त्याने तोच नंबर लावला.

"परीक्षितराव, मी राजन. जयपूरहून. चुकलो मी. फार चुकलो. दिवाळी गेली, पण तुम्ही या. ताई वाट बघतेय." त्याने फोन मधुमतीच्या हातात दिला.

"ताई?" तोच आवाज, थोडा थकलेला. "मी येईन गं. पण तिथल्या लोकांना काय सांगशील?"

"काय सांगायचंय!" ती रडत, हसत ओरडली. "माझा भाऊ आलाय, चहाला या, म्हणून सांगेन!"

भार्गवीला पुढे इंटर्नशिप मिळाली. पण त्या क्षणी गाडीत कुणाला त्या इंटर्नशिपची आठवणही नव्हती.

वाचकहो, परीक्षितसारखी माणसं आपल्याही नात्यात, आपल्याही गल्लीत असतील. कोर्टाने त्यांना सोडलं, तरी आपण त्यांना लग्नाला बोलवत नाही, घर भाड्याने देत नाही. नागरी स्वातंत्र्य पुस्तकातून शिकायची सोय आता झाली आहे, उत्तमच आहे. तुरुंगाचं दार न्यायाधीश उघडतात. आपल्या घराच्या दाराची कडी मात्र आतून असते, ती आपल्यालाच काढावी लागते.