मनमोकळी पेटी

मी एक जुना तेलाचा डबा आहे, मित्रांनो. पंधरा किलोचा. इथल्या भगवंत गुरुजींनी माझं नाव ‘मनमोकळी पेटी’ ठेवलंय, पण मी आपला डबाच. कामापेक्षा नावाची हौस असलेल्या माणसांच्या नादी मी लागत नाही.

माझ्या उमेदीची वर्षं सोहनलालशेठच्या दुकानात गेली. तिथे मला मान होता. तेल संपलं तेव्हा शेठनी मला शाळेला दिलं. पत्र्याचं काम करणाऱ्या सुनीलनं मला बिजागरीचं झाकण बसवलं, त्यात चिठ्ठीपुरती फट पाडली, आणि निळा रंग लावून मला व्हरांड्यात टांगलं. शाळा जुन्नर तालुक्यातली आहे एवढंच सांगतो. गावाचं नाव घेतलं तर गुरुजी त्याचाही फलक करून लावतील. वाडीवरची ठाकरांची, बौद्ध वस्तीतली, पेठेतली जैनांची अशी सगळी पोरं इथे एका बाकावर बसतात. पोरांबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पहिल्या दिवशी गुरुजींनी माझ्याबरोबर चार फोटो काढले. त्यानंतर दोन वर्षं माझं झाकण उघडलं नाही.

मुलींच्या शौचालयाला मात्र ते न चुकता कुलूप लावत. स्वच्छ शाळेच्या स्पर्धेत नंबर हवा होता ना! फरशी चकचकीत राहायला हवी, म्हणून ती कुणी वापरायचीच नाही. केवढी ही अक्कल! किल्ली गुरुजींच्या खिशात असे आणि पाहुणे आले की बाहेर निघे.

चौथीतली कल्याणी आणि शेठची नात खुशबू शेजारी बसायच्या. खुशबू दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे. घरून आणलेली बाटली भरलेलीच परत न्यायची. पोट दुखलं की बाकावर डोकं टेकायची, आणि गुरुजी विचारायचे, “झोपायला शाळंत येती का गं?” मग ती आठवडाभर आलीच नाही. डॉक्टरांनी लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाल्याचं सांगितलं. त्या आठवड्यात कल्याणीनं टाचा उंचावून माझ्यात तीन चिठ्ठ्या टाकल्या. मला त्या पोटात ठेवण्यापलीकडे काही करता आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या महिन्यात तपासणीला अधिकारी बाई येणार असं कळलं. गुरुजींनी आदल्या दिवशी मुलांना फळ्यावरून दहा चिठ्ठ्या उतरवून घ्यायला लावल्या, ‘मला माझी शाळा फार आवडते’. त्या त्यांनी स्वतः माझ्यात टाकल्या. आत आधीच काही असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. कधी डोकावले असते तर ना!

बाई आल्या. गुरुजींनी मोठ्या ऐटीत मला टेबलावर पालथं केलं. आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्या आधी पडल्या आणि तळातल्या त्यांच्यावर. बाईंनी सगळ्यात वरची उचलून मोठ्यानं वाचली.

“गुरुजी, संडासचं कुलूप काडा. खुशबू पानी पीत न्हाई. आमी कुनीच पीत न्हाई. कल्याणी.”

गुरुजी हसले. “ल्हान हाय वो बाई. कायबी लिवती.”

कल्याणी उभी राहिली. “कायबी न्हाई. तीनदा लिवलंय. बगा, आजून दोन हायेत.”

बाईंनी चिठ्ठ्या चाळल्या. दोन्ही सापडल्या. त्यांनी गुरुजींपुढे हात केला. “किल्ली द्या.”

कुलूप निघालं. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी पहिलीपासून चौथीपर्यंतच्या सगळ्या मुली उठल्या आणि दारापाशी रांग लागली. ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत आली. तिचा फोटो काढावा असं गुरुजींना वाटलं नाही.

शौचालयाचं ते कुलूप आता माझ्या झाकणावर आहे. गुरुजींनीच लावलं. सुरक्षिततेसाठी, म्हणे!

मित्रांनो, मला नवा रंग नको आणि तुमची दयाही नको. तुम्ही मोठे व्हाल, कुठे ना कुठे अशी पेटी टांगाल. ती रोज उघडा. जमणार नसेल तर डब्यात तेल भरा, निदान कुणाची भाजी तरी होईल.

खुशबूची बाटली हल्ली दुपारीच रिकामी होते. पुन्हा भरायला नळाकडे जाताना ती माझ्याखालूनच जाते.