होडीच्या पायाशी

मधुकर मास्तरांनी मतं चोरली, असं माझ्या नवऱ्याने ठरवूनच टाकलं होतं. आणि लिओनार्डने एकदा ठरवलं की मग देवाने समजावलं तरी ऐकायचा नाही.

देशाच्या पहिल्याच निवडणुकीला अपक्ष उभा राहिला, होडीच्या चिन्हावर, आणि थोडक्यात पडला. पडला तर पडला! पण नाही. आमची अख्खी गोराई सांगते, आम्ही होडीलाच मत दिलं. मग गावातल्या होडीच्या पेटीत निम्मीच मतं कशी? तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर त्याचं चित्र. पडद्याआड जायचं नि आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. त्या खोलीवर साहेब म्हणून बसले होते आमच्या पोरांना शिकवणारे मधुकर मास्तर. झालं, चोर सापडला.

मग तरीत बसून खाडी ओलांडा, बोरिवलीच्या वकिलाकडे जा, बाकावर बसून राहा. सोबत मी, नाहीतर म्हणणार, ज्युलिया, तुला माझी पर्वाच नाही. इकडे वालाच्या शेंगा वेलावर वाळल्या. जीव नुसता विटून गेला होता माझा.

वकील म्हणाले, "निवडणूक रद्द करा म्हणून अर्ज करता येतो, पण संशयावर नाही. चिठ्ठी पेटीत टाकली असं शपथेवर सांगणारे आणा. मास्तरची नोकरी गेलीच म्हणून समजा. तुरुंगही होईल."

म्हणून आम्ही घरोघर फिरलो. पहिलीच एथेलमावशी.

"टाकायची कशाला रे?" ती लिओनार्डला म्हणाली. "ठेवली. होडीच्या पायाशी, नीट."

"पेटीच्या आत ना?" मी विचारलं.

"आत कशी, बाय? वर. मेणबत्ती ठेवतो तशी."

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मला एकदम आठवलं. निवडणुकीच्या आदल्या रविवारी, क्रूसापाशी रोझरीची प्रार्थना संपल्यावर, हाच लिओनार्ड पायरीवर उभा राहून बायकांना सांगत होता, "घाबरायचं नाही. मावलीच्या पायाशी मेणबत्ती ठेवता ना, तशी होडीपाशी चिठ्ठी ठेवायची." काखेत कळसा नि गावाला वळसा!

मी तशीच मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "पेटीवर राहिलेल्या चिठ्ठ्या रद्द म्हणून बांधाव्या लागतात, ज्युलियाबाई. कायदाच आहे. गठ्ठा बघून मलाच वाईट वाटत होतं. पण कुणाचं मत कुठे टाकायचं, हे मी कोण सांगणार?" माझ्याकडे बघून त्यांनी आमच्या पोरांची चौकशी केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिओनार्ड तरी थांबेल? पुन्हा वकील. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. "पेटीबाहेरची चिठ्ठी म्हणजे मत नव्हे. त्यावर इलाज नाही," ते म्हणाले. मग हळूच, "आता बायका आत टाकली म्हणाल्या, तर मग गोष्ट वेगळी. उद्या घेऊन या."

परतीच्या तरीत तो बायकांची नावं बोटांवर मोजत होता. तेव्हाच मी ओळखलं. "मास्तरची पोरं काय खातील रे?" मी म्हटलं.

घरी आल्यावर तो सरळ आईसमोर बसला. माझी सासू मार्सेलिना, डोळ्यांना कमी दिसायचं तिला, कोळंबी सोलत होती. सगळ्यांत आधी तीच मत द्यायला गेली होती, नवं लुगडं नेसून.

"आय, उद्या माझ्यासोबत ये. बायबलवर हात ठेवून सांगायचं, मी चिठ्ठी पेटीच्या आत टाकली."

"पण मी तर वर ठेवली होती, बाबा."

"माहीत आहे. तरी सांगायचं."

म्हातारीने हात पुसले. जराही रागावली नाही ती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगते," ती म्हणाली. "मागच्या वेळी पण तू सांगितलंस तसंच केलं ना मी?"

लिओनार्ड तिच्या हातांकडे बघत बसला. मग त्याने तिच्या पुढ्यातली कोळंबी आपल्याकडे ओढली आणि सोलायला लागला. आयुष्यात कधी सोलली नव्हती त्याने, निम्मं मांस सालीबरोबर जात होतं.

"उद्या किती वाजताच्या तरीने जायचं?" सासूने विचारलं.

"नाही जायचं, आय," तो म्हणाला.