दोन तारा काढ, तिसरी ठेव

एकशेऐंशी उभ्या तारा, एकशेऐंशी आडव्या तारा, त्यांना गच्च धरून ठेवणारी दोन पोलादी कडी, एक मूठ आणि साधारण पंचवीस हजार चारशे छिद्रे. मित्रांनो, ही माझी जन्माच्या वेळची मोजदाद. छिद्रांचा आकडा तंतोतंत नाही, कारण गोलाच्या कडेला अर्धीमुर्धी छिद्रे येतात आणि ती धरायची की सोडायची यावर कुणाचे एकमत होत नाही. बाकी आकडे पक्के आहेत. मी एक जुनी चाळणी आहे. अंगभर भोके असलेल्या वस्तूला कसला एवढा अभिमान, असे तुम्ही म्हणाल. जरा दम धरा, सांगते.

माझी जाळी कारखान्यात विणली गेली. प्रत्येक तार शेजारच्या तारेच्या उलट चालते. ही वरून गेली की ती खालून जाते. त्यामुळेच जाळी जाळी राहते, नाहीतर नुसता तारांचा गुंता झाला असता. एका तारेपासून पुढच्या तारेपर्यंत अंतर बरोबर एक मिलिमीटर. तारेची जाडी वजा केली की छिद्र उरते पाऊण मिलिमीटरहूनही कमी.

पहिली अकरा वर्षे मी एका बेकरीत पिठीसाखर चाळली. बेकरीवाले आजोबा मला कुणाच्या हाती देत नसत. "माझी चाळणी आणि माझा चष्मा, दोन्हींना हात लावायचा नाही," असा त्यांचा दमच होता. गिऱ्हाइकांना सांगत, "हिच्या हातून साखरेची एक गाठ निसटायची नाही." बेकरी बंद झाली तेव्हा त्यांची मुलगी मला आपल्या घरी घेऊन आली. ती बस चालवते. तिला चाळायला सवड कुठली? तिने मला स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवले आणि मी चार वर्षे तिथेच लटकत राहिले. धूळ बसली, फोडणीचा तेलकट धूर बसला. कौतुकाची सवय झालेल्या जिवाला हे फार झोंबते.

मग तिला मुलगी झाली. ती सहा महिन्यांची झाली आणि दुधाबरोबर भाज्या सुरू करायची वेळ आली. हे काम तिच्या बाबांनी अंगावर घेतले. बाबा घड्याळे दुरुस्त करतात, घरातच, खिडकीजवळच्या टेबलावर. त्यांनी मला खिळ्यावरून काढले, गरम पाण्यात बुडवले, मऊ ब्रशने एकेक तार घासली आणि उजेडासमोर धरून म्हणाले, "अरे वा! ही तर माझ्या कामाची."

तुम्हाला ती सकाळ दाखवता आली असती तर! गाजर सोलून, समान चकत्या करून अठरा मिनिटे वाफवलेले. बाबा चमच्याच्या पाठीने ते माझ्यावर दाबत, आणि माझ्या खालून वाडग्यात केशरी, तुकतुकीत, रेघ न उमटणारा लगदा पडे. त्यात उकळून गार केलेले पाणी घालायचे. मीठ नाही, साखर नाही. उरलेला लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये जाई. ट्रेच्या एका खणात पंधरा ग्रॅम, वर चिकटपट्टीवर भाजीचे नाव आणि तारीख. नवी भाजी एका वेळी एकच, तीही तीन दिवस, म्हणजे काही सोसले नाही तर कोणती ते कळावे. गाजर झाले, भोपळा झाला, रताळे झाले, फुलकोबी झाली. पण माझा खरा पराक्रम वाटाण्याचा. वाटाण्याची साले भल्याभल्या यंत्रांना दाद देत नाहीत. माझ्यावर मात्र ती सगळी वर राहत आणि खाली उतरे नुसती हिरवी मखमल. बाबा डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावून ते तपासत आणि म्हणत, "एक धागा नाही."

मुलगी जीभ टाळूला लावून टिकटिक असा आवाज करी, म्हणून तिचे नाव टिकटिक पडले. ती वाटी चाटूनपुसून रिकामी करी. त्या दिवसांत माझ्यासारखी सुखी मीच.

सातव्या महिन्यात एकदा घाईघाईत बाबांनी गाजराचा एक तुकडा तसाच भरवला. टिकटिकला उमासा आला, तोंड लालबुंद झाले, डोळ्यांत पाणी आले आणि तुकडा बाहेर पडला. चार सेकंदांचा खेळ. पण त्यानंतर दोन तास बाबांच्या हातून एकही स्क्रू बसेना. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक भाजी माझ्यातून दोनदा गाळू लागले. मला वाटले, माझा मान दुप्पट झाला. शहाणपण सुचायला मला आणखी दोन महिने लागले.

टिकटिक नऊ महिन्यांची झाली. आईची रजा संपत आली. पहिल्या तारखेला तिला बसवर हजर व्हायचे होते, नाहीतर तिचा मार्ग दुसऱ्याला जाणार होता. बाबांनाही त्या तारखेपासून एका दुकानात बसायचे होते. घराजवळच्या पाळणाघरात जागा होती, पण तिथल्या काकूंनी आधीच सांगून टाकले, "हे बघा, माझ्याकडे अकरा पोरं आहेत. मी चमच्याने कुस्करून देते. एकटीसाठी गाळत बसणं मला जमायचं नाही. पहिल्या तारखेपर्यंत मऊ तुकडे खायला लागली तर आनंदाने घेते."

तेवीस दिवस उरले होते.

बाबांनी काट्याने बटाटा कुस्करून पाहिला. टिकटिकला उमासा. चार दिवसांत नऊ वेळा प्रयत्न केला, नऊ वेळा उमासा. आणि दर वेळी बाबा खुर्चीवरून उडून तिला उचलून घेत आणि प्रयत्न तिथेच संपे.

पाचव्या दिवशी टिकटिकची आत्या मुक्कामाला आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा टोकदार आहे.

"अरे, लेकीला भरवतोयस की घड्याळात तेल घालतोयस?"

"ताई, तिला गिळताच येत नाही गं."

"येईल कसं? तू येऊ दिलंस तर ना! उमासा येणं वेगळं, गुदमरणं वेगळं. गुदमरलेलं मूल आवाज करत नाही. ही खोकतेय, तोंड वेडंवाकडं करतेय, म्हणजे तिची जीभ शिकतेय. समोर बस, लक्ष ठेव आणि गप्प राहा."

"पण काट्याने कुस्करलं की एक घास लोण्यासारखा होतो आणि दुसरा खड्यासारखा. तिला कळतच नाही पुढे काय येणार ते."

"मग ती चाळणी आधी माळ्यावर टाक. सगळं त्या भवानीचंच केलेलं आहे."

भवानी म्हणजे मी! मित्रांनो, मला काय वाटले ते सांगत नाही. पण आत्या खोटे बोलत नव्हती. मी एकही गाठ सोडली नाही, म्हणून टिकटिकच्या जिभेला गाठ म्हणजे काय हे कधी कळलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वाटाणे दाबत असताना माझ्या दोन कड्यांमधला एक सांधा सुटला. दोनदा गाळायचे म्हणून सवयीने ते जोर दुप्पट लावत होते, आणि मीही आता म्हातारी. जाळी कडेला जराशी उचलली गेली, आणि त्या फटीतून अर्धा वाटाणा सटकून वाडग्यात गेला, मागोमाग आणखी दोन. माझ्या आयुष्यातली पहिली चूक! ओरडता येत असते तर ओरडले असते. बाबांचे लक्ष दारावरच्या घंटेकडे होते. घड्याळ घ्यायला आलेल्या माणसाला पाठवून ते परतले आणि भरवायला बसले.

तिसऱ्या चमच्यात त्यांतला एक होता. टिकटिक थांबली. जीभ उजवीकडे गेली, डावीकडे गेली. हिरड्या दोनदा मिटल्या. मग तिने गिळले आणि पुन्हा तोंड उघडले. बाबांना काही कळले नाही, म्हणून ते उडाले नाहीत. ते उडाले नाहीत, म्हणून ती घाबरली नाही.

मला धुताना त्यांना फट दिसली. आधी ते पांढरेफटक पडले. तारेचा तुकडा तुटून तिच्या पोटात तर गेला नाही? भिंग लावून त्यांनी तारा मोजल्या. उभ्या एकशेऐंशी, आडव्या एकशेऐंशी, सगळ्या अखंड. मग वाडग्याच्या तळाशी त्यांना आणखी दोन अर्धे वाटाणे सापडले. म्हणजे असाच एखादा चमच्यातून गेला असणार, आणि उमासा आला नव्हता.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी आईला हाक मारली. "तिने वाटाणा खाल्ला. आणि मला पत्ताही नव्हता."

"म्हणजे अडचण नक्की कोणाची आहे, ते सापडलं म्हणायचं," आई म्हणाली.

बाबांनी सांधा जोडायची हत्यारे काढली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि उरलेले दोन सांधेही सोडवले. आतले कडे उचलले, चिमटा घेतला आणि एक तार अलगद ओढली. ती सरळ आली नाही, नागमोडी आली. आयुष्यभर वरखाली चालल्याचा आकार तिला पडला होता.

आत्याने हे पाहिले आणि हात कमरेवर ठेवले. "माळ्यावर टाक म्हटलं, जीव घे नव्हतं म्हटलं!"

"ताई, हिची छिद्रं मोठी करतोय. एकसारखी मोठी. म्हणजे प्रत्येक घासात तेवढ्याच गाठी."

"मग एक सोडून एक काढ. दोन कशाला काढतोस?"

"एक सोडून एक काढली, तर उरलेल्या सगळ्या तारा एकाच बाजूने जाणाऱ्या उरतात. वीण सुटते. दोन काढायच्या, तिसरी ठेवायची. मग वरची, खालची, वरची असा क्रम परत जुळतो."

आत्याने बोटांवर मोजून पाहिले. "वर, खाली, वर, खाली... हो रे. अगदीच वाया गेलेला नाहीस."

दोनशे चाळीस तारा गेल्या. प्रत्येक तार बाबांनी टोकापासून टोकापर्यंत तपासली, मोजली आणि डबीत ठेवली. मग कडी पुन्हा दाबून सांधे पक्के केले. माझी छिद्रे आता पावणेतीन मिलिमीटरची झाली होती, पण वीण पहिल्यासारखीच होती. एखाद्या मोडीत निघालेल्या वस्तूला आपण विरळ झाल्याचा अभिमान वाटू शकतो का? मला वाटला. मला कुणी फाडले नव्हते. मला हिशेबाने सैल केले होते.

पहिल्याच दिवशी भोपळ्याच्या बारीक गाठींवर टिकटिकला उमासा आला. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. आईने त्यांचे मनगट धरले.

"बस. तिचं तिला बघू दे."

"पण..."

"ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तू आपला प्रवासी हो."

टिकटिक खोकली, तोंड वाकडे केले, जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि गिळले. त्या दिवशी सहा उमासे आले, दुसऱ्या दिवशी चार, पाचव्या दिवशी एकही नाही. बाबा ते वहीत लिहीत होते. नवव्या दिवशी त्यांनी पुन्हा चिमटा घेतला. दोन काढल्या, तिसरी ठेवली. आणखी ऐंशी तारा गेल्या. आता माझ्यात उभ्या वीस, आडव्या वीस आणि छिद्रे सुमारे तीनशे चौदा. पिठीसाखर टाकाल तर खाली ढीग पडेल. पण माझ्या खालून मऊ गाजराचे जे एकसारखे तुकडे पडत, ते टिकटिक गालात धरून हिरड्यांनी चिरडत असे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी चाळणी असेल. तिला काम झाल्याबरोबर धुवा, साल वाळू देऊ नका, कडेतले कण ब्रशने काढा आणि उलटी ठेवून कोरडी करा. ती तुमच्यासाठी पुष्कळ काही अडवून धरेल. मात्र ज्याच्यासाठी गाळायचे, तो किती मोठा झाला आहे तेही अधूनमधून बघत जा. मला ते बघता आले नाही, आणि ज्या माणसाला बघता आले, त्यालाही आधी माझी चूक व्हावी लागली.

पहिल्या तारखेला बाबांनी मला पिशवीत घातले. "असू दे, लागली तर," ते म्हणाले. आई गणवेशात होती. तिने फक्त हसून पिशवीची चेन अर्धी उघडी ठेवली, म्हणून पुढचे मी पाहिले. काकूंनी बटाटा आणि गाजर चमच्याने कुस्करले, ओबडधोबड, जसे अकरा जणांसाठी कुस्करतात तसे. बाबांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि वाटीतला सर्वांत मोठा तुकडा मोजला. काकूंनी कपाळाला हात लावला. टिकटिकने तोंड उघडले. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले आणि जागचे हलले नाहीत.

तुकडा अकरा मिलिमीटरचा होता. तो चौथ्या घासाला गेला. वीस मिनिटांनी वाटीत दीड चमचाच उरला होता.