पंधरा शब्दांची यादी

सोमवारपासून ड्रायव्हरला पुन्हा बस मिळणार की नाही, हे आजच्या तपासणीवर ठरणार होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची सही झाली होती, हाडांच्या डॉक्टरांचीही झाली होती. राहिली होती मानसतज्ज्ञ बाईंची.

बस कंपनीच्या आरोग्य केंद्रात येऊन बाईंना सात महिने झाले होते. आधी सहा वर्षं मनोरुग्णालय, मग दोन वर्षं भाजलेल्यांचा वॉर्ड, मग चार वर्षं डोक्याला मार लागलेल्यांचं पुनर्वसन केंद्र. "लोकांच्या बदल्या होतात, तू पळ काढतेस," असं आई म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. मनोरुग्णालयात दिवसाला चाळीस पेशंट बघून नाकी नऊ आले. वॉर्डात ड्रेसिंगच्या वेळचे आवाज घरी भांडी घासतानाही ऐकू यायला लागले. पुनर्वसन केंद्रात अहवालांनी पिट्टा पाडला. इथे दुपारी चारला दिवस संपायचा, तरी सकाळी दहालाच डोळे जड व्हायचे.

ड्रायव्हर त्यांचा जुना पेशंट. घरातला पंखा पुसताना शिडीवरून पडला होता. पुनर्वसन केंद्रात बाईंनी त्याची स्मरणशक्ती चार वेळा तपासली होती: पंधरा शब्द वाचून दाखवायचे, त्याने आठवतील तेवढे सांगायचे. पाच, आठ, अकरा, तेरा. 'समाधानकारक सुधारणा' असं त्यांनीच लिहून दिलं होतं.

या चाचणीच्या संचात तीन याद्या असतात. एकाच माणसाला पुन्हा तपासायचं तर यादी बदलायची, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. पण पहिली यादी बाईंना तोंडपाठ होती. ती म्हणताना कागदात बघावं लागत नसे, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघता येई. बाकीच्या दोन याद्या प्रत्येक नोकरीत नव्या कपाटात जाऊन पडायच्या.

"काय दादा, तयार?"

"एकदम. युनिफॉर्म इस्त्री करून ठेवलाय," ड्रायव्हर म्हणाला. डेपोत त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. अठरा वर्षांत त्याची गाडी उशिरा सुटली नव्हती.

"मी शब्द म्हणते. लक्षात ठेवायचे. कुलूप..."

तेवढ्यात नर्स फाईल घेऊन आत आली. बाईंनी मान वळवून सही केली. मागे ड्रायव्हर म्हणत होता, "नदी, सुतार, बादली, घंटा..." पाचव्या शब्दानंतर तो थोडा थांबला, श्वास घेतला आणि पुढे गेला. तिथे श्वास घ्यायची सवय बाईंची होती.

नर्स गेली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे कधी पाठ केलंत?"

"तिकडेच. तुम्हीच सांगायचात ना, लक्षात ठेवा म्हणून. बायकोनं यादी उतरवून घेतली होती. रोज सकाळी अंघोळीच्या आधी दहा वेळा."

दाराशी बसलेली बायको हसली. "अहो मॅडम, झोपेतसुद्धा म्हणतात. मुलगी म्हणते, बाबांना आता पाढे द्या."

लबाडी यात कुठेच नव्हती. सांगितलेलं त्याने इमानदारीने केलं होतं.

बाई उठल्या. कपाटातून दुसरी यादी काढली. कागदाच्या घड्या अजून कडक होत्या. या वेळी त्यांना बघून वाचावं लागलं. यादी पाचदा वाचायची असते; पहिल्या वाचनानंतर ड्रायव्हरला तीन शब्द आठवले. पाचव्या वाचनानंतर सहा, आणि त्यात एक 'सुतार' होता, जो या यादीत नव्हताच. वीस मिनिटं इकडचंतिकडचं बोलून बाईंनी विचारलं, "मघाशी वाचले त्यातले किती आठवतात?"

"कधी मघाशी?"

बायकोचं हसू विरलं. ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

"मॅडम, बस चालवायला सुतार नि बादली कशाला लागते? रस्ते मला डोळे मिटून येतात."

"जुने येतात. पण पुढचा पूल बंद आहे असं कुणी दुसऱ्या स्टॉपवर सांगितलं, तर ते पाचव्या स्टॉपला आठवलं पाहिजे. मागे साठ माणसं असतात."

बायको हळू बोलली, "परवा हे माझ्या बहिणीकडे निघाले होते. तिने घर बदललंय. तीनदा फोन करून पत्ता विचारला."

"ते सांगायची काय गरज होती?"

"गरज होती," ती म्हणाली.

बाईंनी लिहिलं: सध्या वाहन चालवण्यास अपात्र, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. कागद त्याच्यासमोर धरून मोठ्यानं वाचला. "चूक माझी आहे, दादा. प्रत्येक वेळी एकच यादी वापरली. तुम्ही बरे झालात असं वाटायला लावलं मी."

"म्हणजे मी बरा झालोच नाही?"

"थोडे झालात. किती, ते मला माहीत नाही."

त्याने कागदाची नीट चौकोनी घडी केली. "डेपोत काय सांगू?"

"मी बोलते त्यांच्याशी. वेळापत्रकाच्या कामाला बसवता येईल का, विचारते. पण शब्द देत नाही."

दोघं गेल्यावर बाईंनी पुनर्वसन केंद्रातल्या जुन्या साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"अगं, सगळेच करतात तसं," साहेब म्हणाले. "स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस?"

"चार वर्षांत मी दोनदा-तीनदा तपासलेले किती असतील, सर?"

"असतील दीडशेक. पण परत तपासणार कोण? इथे तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही."

बाईंनी डोळे चोळले. आज झोप झाली तरी हा थकवा जाणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं.

"गाडी चालवणारे, यंत्रावर काम करणारे, त्यांच्या फायली आधी काढून ठेवा. मी शनिवारी येते."

"शनिवारी सुट्टी असते, विसरलीस?"

"नाही. म्हणूनच शनिवारी."

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "रेकॉर्डच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, ते बघून ठेवतो."