फुलाफुलांची खोळ

मुग्धा मॅडमनी दोन बोटांनी खोळीची नाडी ओढली आणि लायनीतली माणसं फस्सकन हसली.

खोळ फुलाफुलांची होती. पिवळी फुलं, हिरवी पानं, खाली बोटभर झालर. जीपमधल्या आग विझवायच्या लाल सिलिंडरला बजरंगच्या मायनं ती परवाच शिवून घातली होती. सिंधुबाई घरात काहीच उघडं ठेवायची नाही. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, रिमोटला प्लास्टिक. मग सिलिंडरनं काय घोडं मारलं होतं?

"बाळाला झबलं घातलंय राव," मागच्या नव्याकोऱ्या गाडीतला एकजण म्हणाला. "टोपडं राहिलं की!"

बजरंगनं वळून त्याच्याकडं बघितलं. शेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला त्याचा दोस्त सत्यमही खिदळत होता. बरगडीत कोपर बसलं तेव्हा थांबला.

मॅडम हसल्या नाहीत. त्या लातूरच्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि रविवारी या जुन्या खदानीत टेकडी चढायला आलेल्या ऑफरोडच्या गाड्या तपासायच्या. त्यांनी खोळीची घडी घालून बजरंगच्या हातात दिली. मग सिलिंडरच्या मानेवरच्या काट्यावर बोट ठेवलं.

"काटा कुठं आहे, बघा."

काटा लालमध्ये होता.

"हिरव्यात होता, मॅडम. मागच्या आठवड्यात म्या सोता बघितला."

"आज बघितला?"

बजरंगनं हातातल्या घडीकडं बघितलं. आज वरून खोळ होती.

"पिनेचं सीलही तुटलंय. कुणीतरी वापरलाय हा. रिकामा आहे."

"रिकामा कसा? उचलून तर बघा, जड हाय!"

"आत पावडर असेल. दाब नाही. थोडंसं का होईना, एकदा उडवलं की राहिलेली हवा हळूहळू निघून जाते. मग नुसतं ओझं उरतं." त्यांनी हातातल्या खडूनं जीपच्या बॉनेटवर फुली मारली. "गाडी बाजूला घ्या."

समोर मुरमाची टेकडी उभी होती. एक गाडी निम्म्यावर जाऊन घसरत खाली येत होती आणि पोरं शिट्ट्या मारत होती. ती टेकडी बजरंगच्या डोळ्यांसमोर दीड वर्ष होती. कंधारला त्याचं वेल्डिंगचं दुकान. गेटं करायची, गोठ्याचे पत्रे ठोकायचे, तुटलेले नांगर जोडायचे. उरलेल्या वेळात त्यानं भंगारातली ही जीप उभी केली होती. गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून वर असतो तो लोखंडी पिंजरा त्यानं स्वतः वाकवून, स्वतः जोडला होता. खदानीतली ही चढाई भरवणारा आलोक पिंजऱ्यावरून हात फिरवून म्हणाला होता, "टेकडी चढून दाखव. मग आमच्या सगळ्या गाड्यांचे पिंजरे तुझ्याकडं."

आता चढायलाच मिळत नव्हतं.

"मॅडम, ह्या मागच्याचा घेतो की. त्याचा नंबर झाला की परत देतो."

"आणि वर तुमची गाडी पेटली तर? तो खालून पळत येणार का?"

बजरंगनं आलोकला गाठलं. आलोक म्हणाला, मॅडमच्या शब्दापुढं माझंही चालत नाही. सत्यमनं लातुरातल्या तीन दुकानांना फोन लावले. रविवार. एकानं उचलला आणि उद्या या म्हणाला. तोवर मागची नवीकोरी गाडी फुली न खाता पुढं गेली. जाता जाता त्यातला तो म्हणाला, "झबलं जपून ठेवा हां!"

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते याच्यावर, की सिलिंडरचं महत्त्व घरादाराला सांगून सांगून बजरंगच्याच तोंडाला फेस आला होता. नांदेडहून आणला त्या दिवशी त्यानं अंगणात सगळ्यांना उभं करून दाखवलं होतं. ही पिन ओढायची. नळी जाळाच्या बुडाला धरायची, शेंड्याला न्हाई. आन् झाडून काढल्यावानी फिरवायची. माय पदर तोंडाला लावून हसत होती. बा, म्हणजे दगडोबा, पाठ करून तंबाखू मळत बसला होता. शेवटी तिकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "घरात कुणी मेलं न्हाई आन् तिरडीचे बांबू आणून ठेवलास. गाडी घेतल्या घेतल्या आगीची तयारी! काय अवलाद हाय."

तेव्हापासून सिलिंडरचं जे व्हायचं ते झालं. मायनं त्याला पिशवी अडकवली. शेजारच्या नागुबाईनं गॅस भरून मिळतो का म्हणून विचारलं. दसऱ्याला कुणीतरी त्याला पाच बोटं कुंकवाची ओढली. आणि आता कुणीतरी तो उडवलाही होता.

कुणी, ते बजरंगला माहीत होतं.

"तूच उडवलास," परतीच्या वाटेवर चाकूर मागं पडल्यावर तो म्हणाला.

"मी?" सत्यम सरळ बसला. "मायची आण, न्हाई."

"नायगावच्या वरातीत कोण नाचून राहिला होता, नवरदेवासमोर धूर काढू, धूर काढू म्हणून?"

"म्हणलो होतो. म्हणणं आन् उडवणं एक हाय का बे?"

"रील करायला उडवला असशील. तुझं डोकं तेवढंच चालतं."

"आन् तुझं? सकाळी काटा बघायला काय डोळे फुटले होते? आख्ख्या गावाला शिकवतो आन् सोता खोळ बघून गाडी हाणतो!"

बजरंगनं करकचून ब्रेक दाबला. मागून येणारा ट्रक हॉर्न बोंबलत बाजूनं गेला.

"उतर."

"उतरतोच. तुझ्या ह्या डब्यात बसायची हौस न्हाई मला." सत्यम हेल्मेटसकट उतरला आणि मागं न बघता अहमदपूरच्या दिशेनं चालायला लागला. थोडं पुढं एक काळीपिवळी टॅक्सी थांबली. त्यात तो कोंबून बसला. बजरंग तिला ओलांडून गेला तेव्हा काळीपिवळीच्या खिडकीतून हेल्मेट तेवढं दिसलं.

गावच्या फाट्यावर येईपर्यंत राग उतरायला पाहिजे होता. उतरला नाही. बजरंगचं घर शेतात, आखाड्यावर होतं. तिकडं जायला दोन वाटा. एक मोठ्या वळशाची, रोजची. दुसरी वळणाचा नाला दोनदा ओलांडून, मधे रामलिंगकाकाच्या आखाड्यावरून. काका म्हणजे बाचा सख्खा भाऊ. विहिरीच्या पाळीवरून दोघांचं फाटलं तेव्हा बजरंग शाळेत होता. तेव्हापासून त्या वाटेनं कुणी पाय टाकायचा नाही, अशी बाची ताकीद. काकाकडच्या लग्नालाही बा गेला नव्हता. मधल्या बाभळींमुळं काकाचं छप्परसुद्धा दिसत नाही, हे तो मोठं सुख असल्यासारखं सांगायचा.

बजरंगनं जीप सरळ नाल्यात घातली.

पलीकडचा काठ छातीवर आल्यासारखा उभा होता. माती भुसभुशीत, मधे दगड. त्यानं गियर खाली घेतला, चाक सरळ धरलं. जीप गुरगुरली, एकदा मागं घसरली, दगडाला अडली आणि मग एकेक चाक रोवत अशी चढली की पिंजरा कुठं करकरला सुद्धा नाही. खदानीतली टेकडी याच्यापुढं उतार होती. आणि बघायला कोण? एक कुत्रं. ते भुंकलं.

वर आल्यावर मात्र बजरंगनं इंजिन बंद केलं.

समोर काकाचा गोठा होता. एका बाजूचे पत्रे काळे पडले होते. मोटरची पेटी वितळून भिंतीवर ओघळली होती. खाली अर्धवट जळालेल्या कडब्याचा ढीग. आणि त्या काळ्या भिंतीवर, अगदी खालून सुरू होऊन वर गेलेला, पांढऱ्या पावडरीचा पट्टा. झाडून काढल्यासारखा, डावीकडून उजवीकडं.

कुत्रं भुंकलं म्हणून महानंदाकाकू बाहेर आली. बजरंगला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला.

"तुझीच टाकी होती न्हवं ती?"

बजरंगनं मान हलवली.

"गुरुवारी दुपारी. हे तालुक्याला गेलते. पेटीतून ठिणगी पडली आन् कडब्यानं पेट घेतला. आत देवणी गाय बांधलेली, भरल्या दिसाची. मी बोंबलून राहिले, तर नाल्यातून भावजी पळत आले. पायात चप्पल न्हाई. हातात तुझी लाल टाकी." काकूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी म्हणलं, वर मारा, वर जाळ हाय. तर माझ्यावरच खेकसले, 'बुडाला मारायची आसती!' म्हणून."

गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला ठिपक्याठिपक्यांची गाय उभी होती. तिच्या पोटाखाली वासरू ढुशा देत होतं.

"सकाळीच व्याली," काकू म्हणाली. "तुला काही सांगू नका म्हणून आण घातलीय भावजींनी. म्हणले, पोराला कळू देऊ नका, जरासीच उडवली, अजून जड लागते. भागलं न्हवं तुझं तेवढ्यात?"

बजरंग पिंजऱ्याचा पाइप धरून उभा राहिला. सीटवर टाकलेली खोळ चुरगळली होती. ती त्यानं उचलून मांडीवर सरळ केली.

"भागलं, काकू," तो म्हणाला.

नाल्यात परत उतरायच्या आधी त्यानं सत्यमला फोन लावला. दोनदा कापला गेला. तिसऱ्यांदा उचलला.

"सत्या, ऐक ना."

"हेल्मेट देणार न्हाई," सत्यम म्हणाला आणि ठेवून दिला.

घरी बा अंगणात बाजेवर बसला होता. जीप थांबली तशी त्यानं पाठ केली आणि चुन्याची डबी काढली. माय दारात आली. आधी तिनं बजरंगच्या हातातली खोळ बघितली, मग बॉनेटवरची फुली.

"चढली का?" बानं विचारलं.

लातूरपासून इथवर बजरंगनं तोंडात शिव्यांचं गाठोडं बांधून आणलं होतं. त्याची गाठ काही सुटेना.

"न्हाई. इंजिन तापलं."

"भंगार ते भंगारच. दीड वर्ष घातलास त्याच्यात." बानं तंबाखूवर थाप मारली. मग जरा थांबून, आवाज जास्तीच सहज करत म्हणाला, "आन् ती टाकी? पडली का कामाला?"

"न्हाई."

"म्हणलोच होतो मी. खामखाचा खर्च."

बजरंगनं तोंड उघडलं. मायनं लगबगीनं ताटली आणून त्याच्या हातात कोंबली. खरवस होता. त्यांची म्हैस आटून महिने झाले होते आणि चुलीपाशी ठेवलेली पितळी चरवी या घरातली नव्हती. त्यानं काही विचारलं नाही. उभ्याउभ्या सगळा खरवस खाल्ला, ताटली ठेवली आणि जीपपाशी गेला.

सिलिंडर सकाळइतकाच जड होता. उद्या दुकान बंद ठेवून तो नांदेडला न्यायचा, भरून आणायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. तोवर त्यानं त्याच्यावर खोळ चढवली, झालर खाली ओढली आणि नाडी बांधायला घेतली.

"निरगाठ नको मारू," बा पाठमोराच म्हणाला. "सुरगाठ मार."